३२ डॉलरचा हप्ता

न्यूयॉर्क राज्यात ज्यांना वकील परवडत नाही अशांना मदत करणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. २०२१ च्या डिसेंबरात एक बाई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत पत्रंच पत्रं, निम्मी पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत. "उघडून काय करू? पैसे नाहीतच," त्या म्हणाल्या.

त्या घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं करायच्या. तीन वर्षांपूर्वी दोन ट्रॅफिक तिकिटं मिळाली. एकाचा दंड थकला, दुसऱ्याला त्यांनी उत्तरच दिलं नाही, म्हणजे चूक कबूल आहे की नाही हे कोर्टाला कळवलंच नाही. लायसन्स सस्पेंड झालं. तेव्हापासून पहाटे पाचची बस. जिथे बस जात नाही तिथली कामं सुटली. ज्या कामातून दंड भरायचा, तेच काम दंडापायी जायचं. हे मला कधीच पटलेलं नाही.

रेकॉर्ड काढलं तर दंड थकल्याचं निलंबन केव्हाच उठलेलं! नवा कायदा २९ जून २०२१ ला लागू झाला होता, नुसता दंड भरला नाही म्हणून आता लायसन्स जात नाही. उत्तर न दिल्याचं निलंबन मात्र अजून होतं.

दोघी कोर्टात गेलो. त्यांनी चूक कबूल केली. दोन्ही तिकिटांचे मिळून ५७६ डॉलर निघाले. खिडकीतल्या क्लार्कबाईंनी छापील फॉर्म पुढे केला: महिना शंभर. यांनी लगेच पेन उचललं. अशा सह्या मी खूप पाहिल्यात, दुसऱ्या हप्त्यालाच मोडतात. मी फॉर्मवर हात ठेवला.

कायदा म्हणतो, हप्ता महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के किंवा २५ डॉलर, यातली जी रक्कम मोठी असेल तिच्यापेक्षा जास्त नको. मी पगाराच्या चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या. हातात पडायचे १६०० डॉलर. २ टक्के म्हणजे ३२.

क्लार्कबाईंनी कलम दोनदा वाचलं, आत न्यायाधीशांकडे गेल्या आणि परत येऊन शंभरावर काट मारली. ३२ डॉलर, १८ हप्ते.

बाईंनी पिशवीतलं एक बंद पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर, तिथेच उभ्या उभ्या, अठराच्या अठरा तारखा एकाखाली एक लिहिल्या. मग ते फोडलं.