भांड्यावरचं नाव

आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही भावंडं नगरच्या घरात भांडी वाटून घ्यायला बसलो. वाटून घ्यायला म्हणजे खरं तर एकमेकांच्या गळ्यात मारायला. माझ्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात १६ ताटं आणि तीन घागरी मावणार कुठे? दादा माळ्यावरून एकेक भांडं खाली देत होता, वहिनी फडक्यानं पुसत होती आणि मी भांडी फिरवून फिरवून त्यांवरची नावं वाचत होते.

आमच्या लहानपणी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, "नाव काय घालू?" मग ते घरघरणारं यंत्र पेनासारखं धरून तो वेलांट्या काढायचा. त्याआधीच्या पितळी भांड्यांवर छिन्नीनं ठोकलेली, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. आजोबांचं आडनाव, वडिलांची आद्याक्षरं, मामाकडून सप्रेम भेट, दादाच्या बारशाची तारीख. एवढ्या ढिगाऱ्यात आईचं नाव एकदाही सापडलं नाही. तिचं नाव एकाच पातेल्यावर होतं, आणि ते पातेलं घरात नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाला जो तो घरचं काहीतरी घेऊन येतो. गहू, बाजरी, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. साधं लिंबू दोनशे रुपयांना जातं, घेणारा ते परत देतो, पुन्हा बोली लागते. त्या वर्षी आईनं बाजरी नेली ती स्वतःच्या पातेल्यातून. बालवाडीच्या पहिल्या पगारातून घेतलेलं, स्वतःचं नाव घातलेलं पातेलं. पुकारणाऱ्यानं बाजरी पातेल्यासकट पुकारली. कुठल्याशा खेड्यावरून आलेल्या पाहुण्यांनी ती घेतली आणि दुपारच्या एसटीनं गेलेसुद्धा. वडील भडकले. आई म्हणाली, "बाजरी देवाला दिली, आता मागं पातेलं मागत जाऊ?" रात्री मात्र ती त्या पातेल्याचं झाकण नेहमीपेक्षा बराच वेळ घासत होती. साध्वी वगैरे नव्हती ती.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला नावाचं आणि वस्तूंचं कोडं जन्मभर पुरतं. "आडनावावरून वाटत नाही हो!" हे तर रोजचंच. त्याच्या पाठोपाठ, कधी उघड कधी आडून, दुसरं वाक्य येतं, की तुमचे लोक धान्यासाठी बाटले. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर आमच्या भागात मोठ्या संख्येनं बाप्तिस्मे झाले, हे खरंच आहे. मिळालंही असेल धान्य. उपाशी माणसाला कुणी खायला घातलं तर त्याची लाज मी का बाळगावी? पण धान्य एका हंगामात संपतं. त्यानंतरच्या चार-पाच पिढ्या रविवारी सकाळी उठून, केसांना तेल लावून देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) का जात राहिल्या, याचं उत्तर त्या पोत्यात सापडत नाही. मला वाटतं, ज्यांना गावात जातीच्या नावानंच हाक पडायची, वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं, त्यांचं नाव कुणीतरी पहिल्यांदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. बाप्तिस्म्याच्या वहीत जमिनीचा रकाना नसतो.

ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आमच्याच नगरचे म्हणायचे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहू लागले. वडिलांना याचं केवढं कौतुक! आई म्हणायची, "पगार त्यांनी सोडला, चूल बायकोला, लक्ष्मीबाईंना पेटवावी लागली." असं म्हणून ती टिळकांचंच भजन गुणगुणत भाकरी थापायची.

मी तिच्यासारखी नाही. फ्लॅटच्या दारावरच्या पाटीसाठी मी तीन दुकानं पालथी घातली. नवी गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी ती देवळाच्या दारातच लावली, सावलीत जागा असताना. आई तेव्हा मागच्या सीटवर होती. काही बोलली नाही, फक्त उतरताना म्हणाली, "ऊन लागेल तिला."

पातेलं गेलं त्या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेला तिनं मुद्दाम बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ४९वा अध्याय काढला होता. सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते, परमेश्वर मला विसरला. आणि देव म्हणतो, मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय. आईनं पुस्तक मांडीवर ठेवलं. "आपण भांड्यावर मालकाचं नाव घालतो," ती म्हणाली, "इथं मालकाच्याच हातावर भांड्याचं नाव." वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणून पातेलं सोडलंस होय?" "छे, पातेलं वेंधळेपणानं गेलं. हे आपलं नंतर सुचलं."

सगळ्यात शेवटी माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरला. त्यात कागद होते: घरपट्टी, दादाच्या गुणपत्रिका, आणि घड्यांवर विरलेला आईचा बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर तिचं लग्नाआधीचं नाव होतं, सासरी कुणीच कधी न घेतलेलं. पातेल्यावर तिनं तेच घालून घेतलं होतं, हे मला तेव्हा एकदम आठवलं. दादानं दाखला दोनदा वाचला आणि विचारलं, "हे आईचं नाव?" नावाला दादा, पण तो माझ्याहून धाकटा. पातेलं गेलं तेव्हा दोन वर्षांचा असेल.

ताटं वहिनीनं नेली, घागरी तिथल्याच शेजाऱ्यांना दिल्या. दाखला दादाकडे आहे. मी झाकण आणलं. झाकणावर कुणी नाव घालत नाही, त्यामुळे ते कुणाचं हे मला सोडून कुणाला कळायचं नाही. माझ्या एकाही पातेल्याला ते बसत नाही. पोळ्या झाकते मी त्यानं.