डक्ट साफ केले, पण धूळ येत होती दुसरीकडूनच

सेंट्रल एसी सुरू केला की पहिलं मिनिटभर घरात एक वास यायचा, ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट. थोड्या वेळात तो जायचा आणि आम्हीही विसरून जायचो. आईला मात्र पहाटे लागोपाठ शिंका यायच्या. तिच्या पलंगाच्या बरोबर वर हवेची जाळी होती, हे लक्षात यायला मला फार दिवस लागले.

एका दुपारी स्टुलावर चढून त्या जाळीचे स्क्रू काढले. मागच्या बाजूला करड्या धुळीचा थर होता. बोट घातलं तर त्याचा पापुद्राच सुटून हातात आला. आत टॉर्च मारला, तर धुळीत प्लास्टरचे खडे, लाकडाचा भुसा आणि एक वाकडा खिळा. भुसा पाहिल्यावर सगळं आठवलं. घरात फर्निचरचं काम चाललं होतं तेव्हा एसी दिवसभर सुरूच होता. तो बंद ठेवावा, जाळ्या प्लास्टिकने झाकाव्यात, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

डक्ट, म्हणजे एसीची हवा खोल्यांपर्यंत नेणारे-आणणारे बंद मार्ग, साफ करायला पहिला जो माणूस आला, तो म्हणाला, तासाभरात अख्खं घर करून देतो. जवळ एक साधा व्हॅक्यूम क्लीनर. जाळीतून नळी हातभर आत घालायची आणि वर औषध फवारायचं, एवढीच त्याची पद्धत. कॉइलजवळचा, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांजवळचा, काळा डाग दाखवून म्हणाला, "ही विषारी बुरशी आहे, आजच फवारलं पाहिजे." मी विचारलं, "डागाचा नमुना आधी तपासून घेऊ का?" त्यावर त्याला उत्तर देता येईना. डाग बुरशीचा असेलही, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. शिवाय डक्टमध्ये फवारलेलं औषध शेवटी घरातल्यांच्याच नाकात जाणार. मी त्याला परत पाठवलं.

त्या रात्री बसून वाचलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं म्हणणं मला सगळ्यात सरळ वाटलं. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे ठरावीक वर्षांनी साफ करत राहायची गरज नाही, असं ते सांगतात. आत बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील, किंवा डक्ट चोंदून धूळ खोलीत येत असेल, तर मात्र साफ करावेत. आमच्याकडे तिसरं कारण उघड दिसत होतं, पहिल्याची शंका होती. मी आईला स्पष्ट सांगितलं, "शिंका थांबतील असं मी म्हणत नाही. पण आतली घाण काढायलाच हवी."

पुढच्या वेळी फोनवरच विचारून घेतलं. खोल्यांत हवा सोडणारे आणि खोल्यांतून हवा परत नेणारे, असे दोन्ही डक्ट करणार का? ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा, कॉइल, पाण्याचा ट्रे त्यात धरले आहेत का? आधीचे आणि नंतरचे फोटो देणार का? ज्यांनी तिन्हीला हो म्हटलं, त्यांना बोलावलं. दोघे जण आले आणि आधी नुसता कॅमेरा आत फिरवून पाहिला.

मग एसीची वीज बंद केली, त्याच्या यंत्राजवळ मुख्य डक्टला एक भोक पाडून जाड नळी जोडली आणि बाकीच्या जाळ्या प्लास्टिकने बंद केल्या. नळीच्या टोकाचं मशीन सगळ्या डक्टमधली हवा सतत ओढत राहतं. त्यामुळे कुठे फट असली तरी खोलीतली हवा आत जाते, आतली धूळ बाहेर पडत नाही. मी उघड्या जाळीसमोर तळवा धरला, तर खरंच हवा आत ओढली जात होती. मशीन घरातच ठेवलं होतं, म्हणून त्याला हेपा फिल्टर असणं गरजेचं होतं. हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मग दाबाच्या हवेची नळी एकेका जाळीतून घालून ते भिंतींवरचा थर सोडवत गेले. खडे पत्र्यावरून गडगडत मशीनकडे जाताना ऐकू येत होते. लवचिक डक्टमध्ये त्यांनी मऊ ब्रश वापरला, कारण कडक ब्रशने त्याचं अस्तर फाटतं. या सगळ्यात जवळजवळ पूर्ण दिवस गेला.

पण त्या दिवशी मला जे कळलं, ते साफसफाईच्या पलीकडचं होतं. कॉइलखालच्या ट्रेचा निचरा तुंबला होता आणि त्यात बुळबुळीत पाणी साचलं होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास तिथून येत होता. ट्रेला लागून असलेलं फायबरग्लासचं अस्तर भिजून काळं पडलं होतं. भिजलेलं अस्तर साफ होत नाही, काढूनच टाकावं लागतं. त्यांनी तेवढा तुकडा कापून नवा बसवला आणि ट्रेचा उतार नीट केला.

धुळीचं मूळ छताच्या पोकळीत निघालं. हवा परत नेणाऱ्या डक्टच्या एका जोडाजवळ त्यांनी टिश्यू पेपर धरला आणि तो फटकन जोडाला चिकटला. म्हणजे पोकळीतली सगळी धूळ आमचाच एसी ओढून घेत होता. जोडाला लावलेली कापडी टेप सुकून सुटली होती. डक्ट टेप म्हणून जी विकतात, ती डक्टवरच फार टिकत नाही, हे तेव्हा कळलं. तिथे जाळीची पट्टी लावून वर मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट पदार्थाचा, लेप दिला. दुसरी चूक आमची होती. फिल्टर खाचेपेक्षा बोटभर लहान होता आणि हवा त्याच्या बाजूने निघून जात होती. हे दोन्ही तसंच राहिलं असतं, तर डक्ट पुन्हा भरले असते.

नवा फिल्टर मी 13 मर्व्हचा मागितला. मर्व्ह हे फिल्टर किती चांगलं गाळतो त्याचं माप. मर्व्ह जितका जास्त तितके बारीक कण अडतात, पण हवा ओढायला जोरही जास्त लागतो. त्यांनी दाब मोजला आणि आमच्या ब्लोअरला 11 चाच झेपेल असं सांगितलं. मी ऐकलं.

वास त्याच आठवड्यात गेला. आईच्या शिंका कमी झाल्यात, पण त्याच सुमारास तिची उशी बदलली आणि पलंगही सरकवला, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते मी ठरवत नाही. घरातली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत राहते का, हे मात्र रोज पाहते.

काल फिल्टर काढला. पुढची बाजू सगळीकडे सारखी करडी झाली होती. मागे चौकटीच्या कडेवरून कापूस फिरवला, तो पांढराच राहिला.