डाव्या कानातले बीटल्स, उजव्या कानातले बीटल्स

मे महिन्यात गावी गेलेलो तेव्हा कुडाळहून मालवणला एसटीने निघालो, मी आणि माझी आतेबहीण, इअरफोन एकच, डावा माझ्या कानात आणि उजवा तिच्या. बीटल्स या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम लावला, 'प्लीज प्लीज मी'. धामापूरचं तळं येईपर्यंत आमचं चांगलंच वाजलं. ती म्हणे गातात भारी पण मागे वाद्यं आहेत कुठे, आणि मी म्हणतोय अगं बेस काय कडक आहे, ड्रम काय वाजतायत, गाणाराच लांब विहिरीत बसल्यासारखा वाटतोय. मग कान बदलले आणि दोघंही गप्प.

कारण असं, की ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं तेव्हा टेपला दोनच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायच्या दोनच पट्ट्या, एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. शेवटी मोनोच करायचं होतं, म्हणजे सगळे आवाज एकत्र, तेव्हा लोक मोनोच ऐकायचे. स्टीरिओत, म्हणजे डावं-उजवं वेगळं करताना, मग ते बहुतेक तसंच दोन बाजूंना राहिलं. 'लव्ह मी डू' आणि 'पी. एस. आय लव्ह यू' या दोन गाण्यांना मात्र आमचं भांडण झालं नाही, त्यांची मूळ टू-ट्रॅक टेपच उरली नव्हती म्हणून ती मोनोवरूनच घेतलीयत, गळे आणि वाद्यं वेगळी होतच नाहीत.

म्हणून मला वाटतं या अल्बमबद्दल कोणी काही बोललं तर आधी विचारायचं, कसा ऐकलास? तो 'कच्चा' आहे असं म्हणणारे खूप भेटतात. अरे पण १४ पैकी १० गाणी एका दिवसात झाली, सकाळी १० ला बसले ते रात्री पावणेअकरापर्यंत (नंतर त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने 'मिझरी'त पियानो आणि 'बेबी इट्स यू'त सेलेस्टा, म्हणजे घंटांसारखं वाजणारं पियानोसारखं वाद्य, घातलं तेवढंच), ते क्लबात रोज जे वाजवत होते तेच टेपवर आलंय, आणि मला तेच हवंय.

संध्याकाळी खळ्यात स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवला, अख्खा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा. 'अ‍ॅना' लागलं तेव्हा आत्या भांडी घासायची थांबली, म्हणाली, "ह्यो पोरगो रडता काय गाता?" आणि परत लावायला सांगितलं. माझंही तेच सगळ्यात लाडकं. 'अ टेस्ट ऑफ हनी' मी आजही पुढे ढकलतो. बहिणीचं म्हणणं, सहा गाणी तर दुसऱ्यांची आहेत, यांचं काय त्यात. मला हे पटत नाही, भजनात अभंग तुकोबांचाच असतो ना, आपण ऐकायला जातो ते बुवांचा गळा, आणि स्वतःची आठ गाणी पहिल्याच अल्बमवर घालणं त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

बुवा म्हणजे आमचे शेजारी, डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांत, उभं आयुष्य गेलंय त्यांचं. ते सगळा वेळ गप्प होते. शेवटचं 'ट्विस्ट अँड शाउट' लागलं आणि म्हणाले, "तेचो गळो बसलेलो आसा, पण सूर खंय सुटाक नाय." मी अजून काही सांगितलंच नव्हतं! मग सांगितलं, हे गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी झालेली, दिवसभर गायलेला, गळा जाईल म्हणून हे गाणं मुद्दाम शेवटी ठेवलेलं, पहिल्याच टेकला, म्हणजे पहिल्याच प्रयत्नात, जे झालं तेच रेकॉर्डवर आहे, दुसरा करून बघितला पण आवाजच उरला नव्हता.

बुवा म्हणाले, पहाटे भजनातल्या गजराक असाच होता. मग म्हणाले, वाद्यां बंद कर, माका नुसतो गळो आयकाचो आसा.

मी उजवा इअरफोन त्यांच्या कानात दिला. अडीच मिनिटं ते डोळे मिटून बसलेले, हात स्वतःच्या गळ्यावर.