काचेच्या पेटीतलं विरजण

फिश टँकच्या काचेवर हिरवी साय दिसली की घरातला उत्साही माणूस रविवारची वाट पाहू लागतो. मग रविवारी मासे बादलीत, खडे न्हाणीघरात, फिल्टरचा स्पंज नळाखाली. काच घासून, वर भांड्यांच्या साबणाचा हात फिरवून, चिंच लावलेल्या तांब्याच्या घागरीसारखी लख्ख. मंगळवारी पाणी दुधाळ, बुधवारी एखादा गप्पी आडवा. पंधरवड्यात शेवाळ पुन्हा हजर.

फिश टँकला आपण भांडं समजतो. खरं तर ते दह्याचं मडकं आहे. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते स्पंजच्या छिद्रांत आणि खड्यांवर घर करतात. नव्या टँकमध्ये बस्तान बसवायला त्यांना 4 ते 6 आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला की विरजण मोरीतून गेलं! साबणाचं तर नावच नको.

म्हणून स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, बादलीत दोन-तीनदा दाबून. तो तपकिरीच राहतो आणि राहू द्यावा. नवा टँक मांडायचा असेल तर कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मागून आणावा, शेजारून विरजण आणतात तसा. फक्त वाटेत वाळू देऊ नये.

दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45 धरा. आठवड्याला त्यातलं 10-11 लिटर बदलायचं. म्हणजे बादलीही पुरती भरत नाही. पाइपचं तोंड खड्यांत खुपसून ओढलं की गाळ धुरासारखा उठतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. नवं पाणी ओतण्याआधी त्यात क्लोरीन मारणारं औषध, अँटीक्लोर, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतो, पण क्लोरीन-अमोनियाचं संयुग असलेलं क्लोरामाइन उडत नाही. आणि जुनं-नवं दोन्ही पाणी हाताला सारखं लागलं पाहिजे. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी तसंच ओतणं म्हणजे माशांना अभ्यंगाऐवजी शिक्षा.

आता शेवाळ. त्याला लागतो उजेड आणि खत, आणि दोन्ही आपणच पुरवतो. दिवा 6 ते 7 तास पुरे, तोही टायमरवर. गणपतीत पाहुण्यांसाठी तो सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत जळतो आणि येणारं प्रत्येक पोर चिमूटभर दाणे टाकून जातं. विसर्जनानंतर पाणी हिरवं झालं तर त्यात नवल कसलं? खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. खाली पडलेला दाणा म्हणजे शेवाळाला घातलेलं शेणखत.

नव्या टँकमधली तपकिरी पूड बोटाने पुसली जाते. ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते, तिच्यामागे लागू नये. पाणीच वाटाण्याच्या सुपासारखं झालं असेल तर 3-4 दिवस टँक चादरीने झाकावा, दिवा बंद, खाणं बंद, हवेची मोटर मात्र चालू. मेलेलं शेवाळ कुजतं, म्हणून त्यानंतर लगेच पाणी बदलायचं. निळसर हिरवा, चिखलाचा वास येणारा, पापुद्र्यासारखा निघणारा थर हे शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. तो थर पाइपने ओढून घ्यावा आणि त्या कोपऱ्यात पाणी खेळतं करावं.

दुकानदार अशा वेळी हमखास ‘सकर’ मासा गळ्यात मारतो, ‘काच साफ करतो’ म्हणून. तो फूटभर वाढतो, स्वतः भरपूर घाण करतो, आणि डोईजड झाला की लोक त्याला तळ्यात सोडतात. तिथे तो देशी माशांच्या मुळावर येतो. त्यापेक्षा घरचा मनी प्लँट बरा. फांदीची मुळं पाण्यात, पानं बाहेर. पान बुडलं तर कुजतं. मुळं वाढली की शेवाळाच्या तोंडचं नायट्रेट तीच पिऊन टाकतात.

वीज चार-सहा तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर तसाच चालू केला तर आतलं सडकं पाणी थेट माशांत येतं, म्हणून आधी तो रिकामा करून स्पंज टँकच्या पाण्यात खंगाळावा.

पुढची काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडली की काम झालं. मागची सोडून द्यावी. दिवा लागून तीन-चार तास झाले की तिथल्या हिरव्या मखमलीवर ऑक्सिजनचे मोहरीएवढे चंदेरी मणी धरतात, आणि मॉली मासोळी तोंड पुढे काढून ती मखमल टिपत बसते.