हॅवलॉकला आजी-आजोबांना घेऊन जाताय? आधी बेटाची बाजू ठरवा

अंदमानातल्या हॅवलॉकला जायचं नक्की झालं तशी फॅमिली ग्रुपवर रिसॉर्टच्या फोटोंची रांग लागली. आमच्यात माझे आई-बाबा, सासूबाई, दीर-जाऊबाई आणि पोरं, आणि प्रत्येकाला वेगळाच फोटो आवडलेला. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी एकच गोष्ट धरून बसले, सासूबाईंना कोणालाही हाक न मारता, काठी टेकत, मनात येईल तेव्हा खोलीतून पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

हॅवलॉकला (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप, पण लोक अजून हॅवलॉकच म्हणतात) राहायच्या बाजू मुख्यतः दोन. पश्चिमेला राधानगर, म्हणजे बीच नंबर सात, जेटीपासून साधारण १२ किलोमीटर, सूर्यास्ताचा बीच, २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं ‘ब्लू फ्लॅग’ प्रमाणपत्र मिळालेला, पांढरी मऊ वाळू. फोटोंत बहुतेक हाच दिसतो म्हणून सगळ्यांना तिकडेच राहायचं असतं. पूर्वेला गोविंदनगर आणि विजयनगर, नंबर तीन आणि पाच, जेटी जवळ, बाजार जवळ, डायव्हिंगवाले पण इकडेच.

आम्ही विजयनगरला राहिलो आणि पुन्हा गेलो तरी तिथेच राहणार. अंदमान इतकं पूर्वेला पण घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात सकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचला मावळतोसुद्धा. आता घरातली मोठी माणसं तशीही पहाटे उठून बसलेली असतात, मग त्यांना सूर्योदयाची बाजू द्यायची की सूर्यास्ताची? बाबा आणि सासूबाई रोज पोरं उठायच्या आत वाळूत खुर्च्या टाकून बसायचे, ऊन नाही, गर्दी नाही, समोर सपाट पाणी. किनाऱ्याला लागून समुद्री महुआची मोठी झाडं आहेत, पार वाळूवर झुकलेली, त्यामुळे नऊ-दहा वाजता ऊन चढलं तरी सावलीत सरकून बसता येतं, आत जावं लागत नाही. राधानगरला राहिलो असतो तर संध्याकाळ सुंदर मिळाली असती, पण एक औषध आणायचं म्हटलं तरी गाडी बोलवावी लागली असती.

पूर्व किनाऱ्याची एक गोष्ट मात्र बुकिंगच्या फोटोत दिसत नाही, ती म्हणजे ओहोटी. पाणी लांब मागे जातं आणि खाली मेलेलं प्रवाळ, दगड उघडे पडतात, त्यावर म्हाताऱ्या माणसाने चालायचं नाही म्हणजे नाही, पोरांनीसुद्धा पायात सँडल घालूनच. दिवसातून साधारण दोन भरत्या, आणि वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तिथल्या माणसांना विचारून रोजचा दिवस त्यावर लावायचा. तारखा तुमच्या हातात असतील तर अष्टमीच्या आसपासच्या घ्या, भांगाच्या भरतीत पाणी फार लांब जात नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. पण खरं सांगू, पोरांना ओहोटीच जास्त आवडली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या तेव्हा धाकटीने त्यांची काठी नेऊन पाण्याच्या कडेला वाळूत रोवली आणि पाणी काठीपासून किती मागे गेलं ते पावलांनी मोजत बसली, मग डबक्यात शंखातले खेकडे सापडले आणि आजीला दर दोन मिनिटांनी बातमी यायला लागली. (शंख, प्रवाळ घरी आणायला बघू नका, प्रवाळाला कायद्याने बंदी आहे, बऱ्याच शंखांनाही, आणि विमानतळावर सामान तपासतात.)

खोली घेताना फोनवर मी चिक्कार प्रश्न विचारले आणि त्यात अजिबात संकोच करू नये असं माझं मत आहे. खोली तळमजल्यावर आहे का, दारात किती पायऱ्या, कठडा आहे का, बाथरूमची फरशी घसरडी आहे का, कमोडशेजारी धरायला काही आहे का, लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा. फार सुंदर दिसणारी बांबूची कॉटेजेस बऱ्याचदा खांबांवर उचललेली असतात आणि चढायला अरुंद जिना, ती यादीतून आधी काढली. एका ठिकाणी ‘बीच दोन मिनिटांवर’ सांगितलं, गुगल मॅपवर सॅटेलाइट लावून बघितलं तर मध्ये मुख्य रस्ता. मग मी सगळ्यांकडे एकच मागायला लागले, खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा. ज्यांनी लगेच पाठवला त्यांच्याकडेच बुकिंग केलं. आणि खोल्या शेजारी-शेजारी मिळतील हे मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको.

दिराला आणि मोठ्या पोराला स्कूबा करायचं होतं, ते सकाळी चालत जाऊन दुपारच्या जेवणाला परत, त्यांच्या मागे सगळ्यांना फरफटत जावं लागलं नाही. राधानगरला आम्ही एक दुपार जीप करून गेलो, तीनपर्यंत पोचायचं म्हणजे सूर्यास्ताआधी दोन तास निवांत मिळतात. तिथल्या नील्स कोव्ह नावाच्या छोट्या खाडीकडे मात्र पोहायला अजिबात जाऊ नका, २०१० मध्ये तिथे मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक बाईचा जीव गेला होता.

जाऊबाईंना शेजारच्या नील बेटावरही दोन रात्री राहायचं होतं. नील छोटं आहे, भरतपूरचा बीच जेटीला अगदी लागून, पाणी उथळ, आणि कोणी फक्त शांतपणे बसायलाच जाणार असेल तर मी हॅवलॉकऐवजी नीलच सुचवेन. पण ऐवजी, दोन्ही नाही. बोटीत चढणं-उतरणं, गोळ्यांचे डबे पुन्हा भरणं, नवीन बाथरूमची सवय, यात मोठ्यांचा एक अख्खा दिवस जातो.

हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरच (कागदोपत्री २०२४ पासून श्री विजयपुरम) गाठावं लागतं आणि खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात. म्हणून बीपी-शुगरची औषधं चार दिवसांची जास्तीची बरोबर ठेवा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीची खोली पोर्ट ब्लेअरलाच घ्या, तिथे समुद्र दिसला नाही तरी चालेल, लिफ्ट हवी.