तिसरा टी

नॉर्वेत बर्गेनला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले, पाऊस थांबलेला दोनदाच पाहिला. परवा दुपारी दुकानात नात एकदम फिदीफिदी हसायला लागली. फळांवर हातानं लिहिलेली पाटी होती : 'आनानास बीतेर'. "आजी, अननस चावतो!"

'आनानासबीतेर' म्हणजे अननसाच्या फोडी. मध्ये जागा सुटली की अननस कर्ता होतो. 'लाम्मेलोर' ही कोकराची मांडी. तोडून लिहिली की लुळ्या मांड्या. बोलताना घोटाळा होत नाही, जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर पडतो. पाटीला कुठला आवाज! या चुकीला त्यांनी 'सॅरस्क्रीविंग' असं खास नाव ठेवलंय. तेही अर्थात जोडून लिहितात.

अण्णा असते तर खूश झाले असते. मराठीचे मास्तर. स्टँडसमोरच्या गाडीवर 'पाव भाजी मिळेल' लिहिलेलं, तर हे विचारणार, "पावच का? अर्धी नाही देत?" तो बिचारा "देतो की मास्तर," म्हणायचा आणि खरंच अर्धी प्लेट भरायचा. आम्ही भावंडं खाली चपलांकडे बघत उभी. वर खाता खाता समासाचा विग्रह. पुरणपोळी : पुरण घालून केलेली पोळी. पुरण ते, पण पुरणपोळी ती. लिंग शेवटच्या शब्दाचं. नॉर्वेजियनमध्येही हेच चालतं. 'नात्त', रात्र, नपुंसकलिंगी नाही, पण 'तोग', गाडी, नपुंसकलिंगी, म्हणून रात्रीची गाडी 'नात्तोग'ही नपुंसकलिंगीच.

या नात्तोगनं मला वेड लावलंय. रोमन लिपीत 'नात्त'चे दोन टी, 'तोग'चा एक. जोडताना तीन सारखी व्यंजनं शेजारी आली तर एक गाळतात, दोनच उरतात. पण शब्द ओळीच्या शेवटी आला आणि सांध्यावर तोडावा लागला, की गाळलेला टी परत येतो. नात्त, जोडरेघ, खालच्या ओळीत तोग. इतके दिवस तो होता कुठे?

काल ओस्लोच्या मैत्रिणीला कार्ड लिहायला घेतलं. रात्रीच्या गाडीनं येते, एवढंच कळवायचं होतं. पण तो शब्द बरोब्बर ओळीच्या टोकाशी यायला हवा होता. दोन कार्डं वाया गेली. तिसऱ्यावर टी उतरला एकदाचा. नातीला दाखवलं, तर म्हणाली, "आजी, फोन कर ना."