एथिक्स बोलचे शनिवार

एथिक्स बोल म्हणजे नैतिक पेचांवर दोन संघांनी चर्चा करायची अमेरिकेतली स्पर्धा. हायस्कूलच्या मुलांसाठीची तिची फेरी आमच्या भागात ऐन थंडीत असते. पहाटे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, डोळे चोळणाऱ्या मुलांना गाडीत भरायचं आणि आठच्या आत पोचायचं. मुलगी नववीत संघात गेली, तेव्हा पालक म्हणून मी वेळ पाहायचं काम घेतलं. ती कॉलेजात गेली तरी मी दर वर्षी जात राहिले, कारण त्या खोलीत बसून ऐकायची मला गोडी लागली होती.

शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३ साली हा प्रकार आपल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा २०१३पासून होते, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला. नैतिक पेच असलेल्या केसेसचा संच शाळा सुरू झाल्यावर लवकरच हाती येतो आणि मुलं महिनोन्‌महिने त्यावर डोकं लावतात. पण प्रश्न नेमका काय येणार, हे त्या खोलीत बसल्यावरच कळतं. घरून टिपणं आणायला बंदी. समोर फक्त केस, प्रश्न आणि कोरे कागद.

आधी नाणं उडवतात. मग मॉडरेटर प्रश्न वाचतो आणि पहिल्या संघाला दोन मिनिटं विचारविनिमयाला मिळतात. तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, पालकांनी खुणासुद्धा करायच्या नाहीत. मला हीच दोन मिनिटं सगळ्यांत आवडायची. पाच डोकी एका कागदावर वाकलेली असत आणि कुजबुजीतही कुणी कुणाला तोडत नसे. त्यानंतर पाच मिनिटं मांडणी. दुसऱ्या संघाची तीन मिनिटं टिप्पणी, तिला पहिल्या संघाचं तीन मिनिटं उत्तर आणि शेवटी परीक्षकांचे प्रश्न, दहा मिनिटं. मग दुसरी केस घेऊन संघांनी भूमिका बदलायच्या. मी उरलेल्या वेळेची कार्डं दाखवत असे. वेळ संपली की तोंडातलं वाक्य पुरं करू द्यायचं आणि थांबवायचं, अशी आमच्या खोलीची रीत होती.

मी वाढले त्या गावच्या शाळेत दर वर्षी वादविवाद स्पर्धा असायची. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग'ने सुरुवात, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्याला शेवटची. विषयाची अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू चिठ्ठीत येई आणि मनाला पटो न पटो, तीच लढवायची. त्या मंचानं मला उभं राहून बोलायचं धैर्य दिलं, त्याचं ऋण मी विसरणार नाही. एथिक्स बोलमध्ये मात्र बाजू वाटून देतच नाहीत. दोन्ही संघांचं मत एकच असलं तरी चालतं. मग टिप्पणी करणाऱ्यांनी समोरच्याचा विचार आणखी खोल न्यायचा असतो, एखादी सुटलेली बाजू दाखवायची असते.

एका वर्षीचा प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे. प्रश्न असा होता, की घरातल्या वृद्ध माणसाला त्याचा असाध्य आजार कुटुंबानं लपवून ठेवला तर ते योग्य का. पहिला संघ ठामपणे म्हणाला, रुग्णाचा हक्क आहे, सांगितलंच पाहिजे. टिप्पणीला समोरची एक मुलगी उठली. तिनं शांतपणे विचारलं, "आणि आजीनंच आधी म्हणून ठेवलं असेल, की असलं काही मला सांगू नका, मुलांशी बोला, तर? मग तिचा हक्क कोणता?" माझ्या माहेरी हे अक्षरशः घडलेलं होतं. पहिल्या संघातला मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हा विचार आम्ही केला नव्हता. आमचं मत आता असं बदलतो, की आधी तिलाच विचारावं, तुला किती जाणून घ्यायचं आहे." शाळेच्या मंचावर हे वाक्य उच्चारलं असतं तर आम्ही हरलो असतो. इथं परीक्षकांच्या माना डोलल्या.

प्रत्येक परीक्षकाच्या साठ गुणांपैकी पाच गुण निव्वळ आदरानं संवाद साधण्याचे असतात. पाच म्हणजे थोडेच, पण मुलं ते फार मनावर घेतात. फेरी संपली की हस्तांदोलन, मग जेवणाच्या सुट्टीत पिझ्झा खाताना दोन्ही शाळांची मुलं एकाच टेबलाशी त्याच केसवर बोलत बसलेली दिसायची. निकालाचं मला फारसं आठवत नाही.

पुढे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत आम्ही हेच मराठीतून करून पाहिलं आणि आता ते दर वर्षी होतं. वेळेचे नियम तेच ठेवले, परीक्षकांच्या जागी भारतातून आलेले आजी-आजोबा बसवले. मुलं मराठी शब्दांसाठी अडखळतात, तरी दोन मिनिटांची कुजबुज मराठीतच चालते. पहिल्या वर्षी विषय होता, मित्रानं कॉपी केली तर शिक्षकांना सांगावं का. दहा मिनिटं प्रश्नांची, पण एक आजोबा आपल्या शाळेच्या गोष्टीत रमले. तेव्हा टाइमकीपर असलेल्या सहावीतल्या मुलानं अदबीनं कार्ड वर धरलं, "आजोबा, वाक्य पूर्ण करा." आजोबांनी खरोखरच वाक्य पूर्ण केलं आणि माइक पुढच्या आजींकडे दिला.